चार पलटणी, एक लाल: हॅल्केटच्या ब्रिगेडचं प्रकरण

ही ब्रिटिश ब्रिगेड मेजर जनरल सर कॉलिन हॅल्केट यांची. १८१५ साली वॉटर्लूला, नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत, ती आल्टेनच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होती आणि तिच्यात ३०, ३३, ६९ आणि ७३ या क्रमांकांच्या चार पलटणी होत्या. माझ्या एका मित्राने ती टेबलावरच्या युद्धखेळासाठी २८ मिलिमीटरच्या छोट्या प्लास्टिक शिपायांत उभी करायला घेतली, प्रत्येक पलटणीला चोवीस शिपाई. तीन पलटणी रंगवून तयार होत्या. चौथी, म्हणजे ७३वी, अजून कोऱ्या प्लास्टिकमध्येच होती. तयार तिन्हींचे कोट लाल, पट्टे पांढरे, टोप्या काळ्या. कागदावर यादी केली तर फरक काढता येणार नाही. टेबलावर शेजारी मांडल्या की मात्र त्या एका सैन्यातल्या वाटत नव्हत्या.

कारण सरळ होतं. ३०वी त्याने स्वतः काही वर्षांपूर्वी काळ्या प्राइमरवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या तळाच्या थरावर, रंगवली होती. ३३वी नंतर पांढऱ्या प्राइमरवर केली, तीही कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगाने, जो एकाच हातात खाचांत गडद बसतो आणि उंचवट्यांवर फिका राहतो. ६९वी कुणाकडून तरी रंगवलेलीच घेतलेली. आधीच्या मालकाने ती तपकिरी डिपमधून, म्हणजे शिपाई आख्खा बुडवायच्या सावलीच्या रंगातून, काढली होती आणि वर चकचकीत वॉर्निश मारलं होतं. तीन वेळा, तीन पद्धतींनी आणि दोन वेगळ्या हातांनी झालेलं काम. त्यातून ३०वी मरूनकडे गेली, ३३वी गुलाबीकडे झुकली आणि ६९वी विटकरी तपकिरी दिसू लागली.

तीन पलटणी टेबलाच्या तीन कोपऱ्यांत असत्या तर हे खपून गेलं असतं. पण या ब्रिगेडचा इतिहासच असा आहे की त्यांना चिकटून उभं राहावं लागतं. १६ जूनला कात्र ब्रा इथल्या लढाईत या पलटणींची इतकी हानी झाली, की दोन दिवसांनी वॉटर्लूला फ्रेंच घोडदळ चालून आलं तेव्हा दोन-दोन पलटणींनी मिळून एकेक चौकोन केला, म्हणजे घोडदळ रोखायला चारही बाजूंना तोंड करून त्या उभ्या राहिल्या. ३० आणि ७३ एका चौकोनात, ३३ आणि ६९ दुसऱ्यात. म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत विजोड दोन पलटणी, गुलाबी आणि तपकिरी, एकाच चौकोनात खांद्याला खांदा लावून. मित्राने खेळासाठी पहिल्यांदा तो चौकोन मांडला आणि मला फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "सगळं सोलून पुन्हा रंगवू का?"

सोलायचं की नाही

त्याच्यापुढे त्याला दोन वाटा दिसत होत्या. एक, सगळ्यांचा रंग उतरवून नव्याने सुरुवात. दुसरी, सगळ्यांवर एकच तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) फिरवायचा, म्हणजे आपोआप मेळ बसेल.

सोलण्याला माझा विरोध होता. बहात्तर शिपाई सोलायचे म्हणजे प्लास्टिकला न दुखावणारं द्रावण हवं (ॲसिटोन लावलं तर शिपाईच वितळतो), खाचांत राहिलेला रंग टोकरत बसायचं, सुटलेल्या संगिनी पुन्हा चिकटवायच्या. तेही मी मान्य केलं असतं, पण ३०वी चांगली रंगवलेली होती. चेहरे नीट होते, बंदुकांच्या पितळी कड्या स्वच्छ होत्या, टोप्यांवरची दोरी एकेका शिपायाची वेगळी दिसत होती. एका रंगाच्या पायी इतकं काम धुऊन टाकणं मला पटेना.

वॉशची कल्पना मात्र खूप लोकप्रिय आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. तीन वेगळ्या लालांवर एकच वॉश फिरवला तर तिन्ही लाल सारख्याच प्रमाणात गडद होतात. त्यांच्यातलं अंतर आहे तेवढंच राहतं, फक्त सगळे मिळून एक पायरी खाली उतरतात. वर पांढरे पट्टे मळतात ते वेगळंच. आम्ही प्रत्येक पलटणीतला एकेक शिपाई घेऊन हे करून पाहिलं. ३०वीचा शिपाई आधीच गडद होता, तो जवळजवळ काळा झाला. ३३वीचा गुलाबी तो मळका गुलाबी झाला. तिघे पूर्वीइतकेच परके दिसत होते. कोऱ्या, एका हाताने केलेल्या सैन्याला वॉश बांधून ठेवतो हे खरं आहे. आधीच वेगळ्या असलेल्यांना जवळ आणायला तो उपयोगी पडत नाही.

फरक नेमका कुठे होता

प्रत्येक पलटणीचा एक शिपाई पांढऱ्या कागदावर ओळीत उभा केला. वर दिवसाच्या उजेडासारखा दिवा, ५००० ते ६५०० केल्विनच्या दरम्यानचा आणि रंग प्रामाणिक दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९०च्या वर असलेला. हे आवश्यक असतं, कारण दोन लाल पिवळ्या बल्बखाली जुळतात आणि खिडकीपाशी नेले की फुटतात. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले दोन रंग एका प्रकाशात सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्यात नाही. म्हणून जुळणी किमान दोन उजेडांत तपासायची.

मग फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल केला. या एका कृतीने प्रकरण उलगडलं. रंग काढून टाकल्यावर तिन्ही कोटांचा मधला भाग जवळपास एकाच करड्या छटेचा निघाला. मित्राला वाटत होतं की चूक लाल रंगाच्या बाटलीत आहे. प्रत्यक्षात फरक दोन टोकांना होता. ३०वीच्या कोटाच्या घड्या काळ्याच्या अगदी जवळ होत्या, आणि तिचा सगळ्यांत उजळ भाग इतरांच्या मधल्या छटेइतकाच. ३३वीच्या खाचा फारशा गडद नव्हत्या, पण खांदे आणि कोपर जवळजवळ पांढरे चमकत होते. ६९वीला तर टोकंच नव्हती. सावलीही मध्यम, उजेडही मध्यम, आणि वरून वॉर्निशच्या चकाकीमुळे दिव्याचे ठिपके.

या छंदात मी सगळ्यांत ठामपणे मानतो ती गोष्ट हीच. तीन फुटांवरून डोळा लाल रंगाची नेमकी छटा मोजत नाही. तो सावली किती खोल आहे आणि उजेड किती वर आहे हे बघतो, आणि त्यावरून ठरवतो की हे सगळे एकाच उन्हात उभे आहेत की नाही. सर्वांत गडद छटा आणि सर्वांत उजळ छटा चारही पलटणींत एकच ठेवली, तर मधला लाल थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो. टोकं वेगळी असतील तर एकाच बाटलीतून काढलेला लालही वेगळा दिसतो.

त्याच फोटोत आणखी दोन गोष्टी दिसल्या, ज्यांकडे लाल रंगाच्या वादात कुणी पाहिलं नव्हतं. एक, पँटी. ३०वीच्या निळसर करड्या, ३३वीच्या मातकट करड्या, ६९वीच्या पांढऱ्या. पायांचं क्षेत्रफळ कोटापेक्षा फार कमी नसतं, तरी आम्ही सगळे कोटावर भांडत होतो. दुसरी, पट्टे. छातीवर फुली मारणारे दोन पांढरे पट्टे हा ब्रिटिश शिपायाचा सगळ्यांत उजळ भाग, आणि तो तीन पलटणींत तीन प्रकारचा होता: निळसर पांढरा, शुभ्र, आणि डिपने पिवळा पडलेला.

काय सारखं हवं आणि काय वेगळं

रंगांचा मेळ म्हणजे सगळं एकसारखं करणं असा गैरसमज ऐतिहासिक सैन्याच्या बाबतीत फार नुकसान करतो. त्या काळी पलटणीच्या कपड्यांची व्यवस्था तिचा कर्नल करायचा. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या मुळापासून रंगवलेला, विटेकडे झुकणारा लाल असे आणि उन्हापावसात तो आणखी उतरत असे. अधिकाऱ्याचा कोट कोचिनियल किड्यापासून काढलेल्या किरमिजी रंगाचा, स्वच्छ आणि तळपता. सार्जंटचं कापडही शिपायापेक्षा बरं. म्हणजे एकाच पलटणीत दोन लाल हवेतच. पलटणी-पलटणींत थोडा फरक असणं इतिहासाला धरूनच आहे.

म्हणून आम्ही ठरवलं की चारही पलटणींत या गोष्टी काटेकोर एक असतील: कोटाची सावली, कोटाचा शेवटचा उजेड, पट्ट्यांचा पांढरा, पँटीचा करडा, बंदुकीचं लाकूड, बेसची (शिपायाच्या पायाखालच्या चकतीची) माती, आणि शेवटचं मॅट वॉर्निश. मधला लाल जवळपास असला की पुरे. आणि कॉलर, कफ, खांद्यावरच्या पट्ट्या, म्हणजे पलटणीची ओळख सांगणारा रंग, तो जितका वेगळा दिसेल तितका चांगला.

हा ओळखीचा रंग या ब्रिगेडमध्ये मोठा रंजक आहे. ३०वीचा फिकट पिवळा. ३३वीचा लाल, म्हणजे लाल कोटावर लालच कॉलर. ६९वीचा हिरवा, ७३वीचा गडद हिरवा. दोन हिरव्या, एक लालावर लाल आणि एक असा पिवळा जो काळ्या प्राइमरवर हमखास शेवाळलेला दिसतो. रंगवणाऱ्याची परीक्षा बघणारी ब्रिगेड आहे ही. (३३वी ही तीच पलटण, जिचा लेफ्टनंट कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होता. ७३वीही तिथे होती. आपल्याकडच्या वाचकाला असईमुळे वेलस्ली माहीत असतो, पण त्याच्या या जुन्या पलटणीशी ओळख क्वचितच असते.)

आधी ७३वी, मग बाकीच्या

मित्राचा कल आधी बिघडलेल्या पलटणी दुरुस्त करण्याकडे होता. मी त्याला आधी कोरी ७३वी पूर्ण करायला लावली. जुन्या पलटणीला नमुना मानलं तर तिच्याशी जुळवताना कायम अंदाज बांधावा लागतो, कारण तिच्यावर कुठला रंग कुठल्या प्रमाणात गेला हे कुणाला आठवत नाही. नमुना असा हवा जो आपण उद्या पुन्हा तसाच काढू शकू. म्हणून ७३वी नव्या कृतीने करायची, आणि बाकी तिघींना तिच्याकडे आणायचं.

कृती व्हायेहो या कंपनीच्या मॉडेल कलर रंगांत बसवली, कारण त्याच्याकडे त्याच बाटल्या जास्त होत्या. दुसऱ्या कुठल्याही रंगांत ती बसवता येईल. फक्त नावांवर विसंबू नये. रंग बनवणारे आपल्या मालिका बदलतात. सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने २०१२ मध्ये सगळी मालिका नव्या नावांनी आणली, तेव्हा जुन्या सैन्यांची भरती करणाऱ्यांना नवे जोड शोधत बसावं लागलं. म्हणून बाटलीच्या नावासोबत रंगाचा एक वाळलेला ठिपकाही जपून ठेवायचा.

प्राइमर लालसर तपकिरी. लाल आणि पिवळ्या रंगद्रव्यांची झाकण्याची ताकद कमी असते, त्यामुळे खालचा थर त्यांच्यातून बोलतो. काळ्यावर ते मरतात, पांढऱ्यावर किंचाळतात. लालसर तपकिरीवर दोन पातळ हात दिले की लाल स्वतःच्या जागी बसतो.

सावलीला बर्न्ट रेड. मधल्या भागाला फ्लॅट रेडमध्ये थोडा कॅव्हलरी ब्राउन: चार थेंबांना एक. याने मंजिष्ठेचा विटकरीपणा येतो. उजेडाला नुसता फ्लॅट रेड, आणि अगदी खांद्याच्या कडेला, कोपरावर आणि कोटाच्या शेपटीच्या टोकाला त्यात त्वचेच्या रंगाचा एक थेंब. पांढरा कधीही मिसळायचा नाही. लालात पांढरा गेला की तो गुलाबी होतो, आणि ३३वीचं जे झालं ते पुन्हा होतं.

अधिकारी आणि सार्जंट यांना तीच सावली, पण मधल्या भागाला तपकिरी न घातलेला फ्लॅट रेड आणि उजेडाला वर्मिलियन. सावली समान असल्याने ते पलटणीतून उपटून काढल्यासारखे वाटत नाहीत, आणि उजेड स्वच्छ असल्याने नजर त्यांच्यावर आधी जाते.

मधल्या लालाचं मिश्रण मित्राने पॅलेटवर न करता एका रिकाम्या ड्रॉपर बाटलीत केलं, चारही पलटणींना पुरून उरेल इतकं. आत दोन स्टेनलेस स्टीलच्या गोळ्या टाकल्या, म्हणजे हलवताना रंग नीट ढवळला जातो. हा आग्रह माझा होता आणि तो मी कुणालाही करीन. थेंब मोजून केलेलं मिश्रणही दुसऱ्या दिवशी किंचित वेगळं निघतं, कारण बाटली किती हलवली आणि थेंब केवढा पडला हे कधी सारखं नसतं. त्यात ॲक्रिलिक रंग ओला असताना उजळ दिसतो आणि वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्या रंगावरून वाळलेल्याशी जुळणी करता येत नाही.

पांढऱ्यासाठी आधी फिकट करडा, मग आयव्हरी, आणि शुद्ध पांढरा फक्त पट्ट्याच्या वरच्या कडेला. पँटीला एकच करडा, त्यावर पातळ तपकिरी वॉश, घोट्यापाशी चिखल. पाठीवरची सॅक काळी, गुंडाळलेला ओव्हरकोट करडा, पाण्याची लाकडी बाटली निळी. या बारीक गोष्टी तिन्ही जुन्या पलटणींत आधीच बऱ्यापैकी सारख्या होत्या, त्यांना हात लावला नाही.

तिघींची दुरुस्ती

३०वीचं काम सगळ्यांत सोपं निघालं, आणि सगळ्यांत समाधानाचंही. तिच्या काळ्या सावल्यांवर बर्न्ट रेडचा पातळ हात दिला, घडीच्या अगदी तळाशी काळी रेघ तशीच ठेवली. मग वर दोन पायऱ्यांचा उजेड चढवला. कोटाचा मधला भाग मुळीच शिवला नाही. तरीही शेजारी ७३वीचा शिपाई ठेवला तर मरूनपणा पार गेला होता. पिवळे कॉलर-कफ मात्र पुन्हा करावे लागले. आधी मातकट फिकट थर, मग पिवळा, मग पिवळ्यात आयव्हरी. पिवळ्याखाली काळा राहिला तर वर कितीही हात द्या, तो हिरवटच दिसतो.

३३वीला उलटं. तिच्यात उजेड जास्त होता, तो खाली आणायचा होता. फ्लॅट रेडच्या तयार मिश्रणाचा ग्लेझ केला: एक भाग रंग, पाच-सहा भाग ग्लेझ मीडियम, म्हणजे रंग पारदर्शक करणारं द्रव. तो खांद्यांवर, कोपरांवर, जिथे गुलाबी चमक होती तिथेच ओढला. ब्रश जवळजवळ कोरडा करून, जिथे रंग हवा तिथे शेवट होईल अशा बेताने. एका हातात काही दिसत नाही, दुसऱ्यात गुलाबी मावळायला लागतो, तिसऱ्यात तो लाल होतो. घाई करून जाड हात दिला तर खाचांत तळं साचतं आणि वाळल्यावर डाग राहतो. खाचांत वेगळा बर्न्ट रेड सोडला.

लालावर लाल कॉलरचा प्रश्न इथे आला. इतिहासात दोन्ही लालच. पण छोट्या आकृतीवर इतिहास जसाच्या तसा उतरवला तर कॉलर नाहीशी होते आणि ती पलटण अर्धवट रंगवलेली वाटते. आम्ही कॉलर आणि कफ यांना अधिकाऱ्यांचा स्वच्छ लाल दिला, भोवती पांढऱ्या लेसची रेघ, आणि लेस व कोट यांच्यामध्ये सावलीचीच अगदी बारीक गडद रेघ. ही गडद रेघ काढायला हात स्थिर हवा आणि रंग दुधापेक्षा पातळ. ती असली की कॉलर वेगळी कळते, रंगात काहीही न बदलता.

६९वीला आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, कारण हाताळून हाताळून तिच्यावर तेलकटपणा होता. मग मॅट वॉर्निश. चकचकीत पृष्ठभाग रंगाला गडद आणि भरीव दाखवतो, मॅट त्याला थोडा उजळ आणि कोरडा. वॉर्निश मारल्याबरोबर निम्मा फरक गेला. जुळणी नेहमी शेवटच्या वॉर्निशनंतर तपासावी असं मी सांगतो, त्याला ६९वी हे चांगलं उदाहरण. त्यानंतर पट्टे पूर्ण नव्याने, पांढऱ्या पँटी करड्या, आणि कोटाला फक्त वरचा उजेड. तिची तपकिरी सावली आम्ही राहू दिली. ती बर्न्ट रेडपासून फार दूर नव्हती. चेहरेही जुनेच ठेवले. ते जवळून पाहिले तर इतर तिघींपेक्षा पिवळट आहेत. टेबलावरून कळत नाही, आणि चोवीस चेहरे त्यासाठी पुन्हा करावेत असं मला वाटत नाही.

दोन हिरव्यांबद्दल. ६९वी आणि ७३वी वेगळ्या चौकोनांत असल्या तरी रांगेत शेजारी येतात. कफ इतका छोटा असतो की छटेचा सूक्ष्म फरक वाया जातो, म्हणून फरक उजेडात करायचा. ७३वीला काळपट हिरवा आणि त्याला जेमतेम उजेड. ६९वीला मध्यम हिरवा, उजेड भरपूर. पुस्तकात दिसतो त्यापेक्षा हा फरक मोठा केला आहे, आणि तो जाणूनबुजून.

निशाणं

निशाणांवर थोडं थांबतो, कारण तिथे रंग आणि इतिहास एकमेकांत अडकतात. पलटणीकडे दोन निशाणं असत: राजाचं, म्हणजे युनियनचं (ब्रिटनच्या युनियन झेंड्याचं), आणि पलटणीचं, जे ओळखीच्या रंगाचं आणि कोपऱ्यात छोटं युनियन असलेलं. ओळखीचा रंग लाल असेल तर मात्र पलटणीचं निशाण पांढरं आणि त्यावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस. म्हणून ३३वीचं निशाण लाल नाही, पांढरं आहे. कोटाच्या रंगावरून अंदाजाने लाल निशाण दिलं तर ती मोठी चूक ठरते.

६९वीने राजाचं निशाण कात्र ब्राला फ्रेंच चिलखती घोडदळाच्या हल्ल्यात गमावलं. त्यामुळे १८ जूनच्या चौकोनात तिच्याकडे ते नको. मित्राला दोन्ही लढाया खेळायच्या होत्या. त्यावर उपाय म्हणजे निशाण धरणाऱ्याचा बेस सुटा ठेवणं आणि त्याच्या जागी बसेल असा एक साधा शिपाई तयार ठेवणं.

छापील कागदी निशाणांवरचा लाल आणि आपला लाल कधीच जुळत नाही. आणि जुळायलाही नको, कारण निशाण रेशमाचं असतं, मंजिष्ठेच्या लोकरीचं नाही. आम्ही छापील लालावर अधिकाऱ्यांचाच स्वच्छ लाल पातळ फिरवला आणि कागदाच्या पांढऱ्या कडा रंगवल्या. छापलेली आणि रंगवलेली वस्तू एका टेबलावर नांदायची असेल तर दोन्हींत किमान एक रंग समान असावा.

माती

१७ जूनला दुपारनंतर मुसळधार पाऊस झाला आणि सैन्याने ती रात्र चिखलात काढली. म्हणून बेसला गडद ओली माती, तुडवलेल्या राईच्या पिकाचे पिवळट तुकडे, आणि कडेला चारही पलटणींना एकच तपकिरी. जुन्या तीन पलटणींचे बेस तीन प्रकारचे होते, एकीवर तर हिरवळ होती. बेस बदलायला फारसा वेळ लागला नाही. मात्र केलेल्या सगळ्या कामात सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला, असं मित्राचं म्हणणं आहे. मी पट्ट्यांना पहिला क्रमांक देईन. पँटीवरचा चिखल त्याच मातीच्या रंगाने केल्यामुळे शिपाई जमिनीत रुजल्यासारखे दिसतात, हे मात्र आम्हा दोघांनाही मान्य आहे.

पुन्हा मांडणी

३३ आणि ६९ यांचा चौकोन पुन्हा मांडला, त्याच दिव्याखाली फोटो काढला, तो पुन्हा कृष्णधवल केला. या वेळी दोन्ही पलटणींचे पट्टे फोटोत एकाच उजळपणाने उठत होते आणि कोटांच्या घड्या एकाच खोलीवर जात होत्या. रंगीत फोटोत ६९वी अजून किंचित तपकिरी आहे. जुन्या कपड्यातली पलटण म्हणून ती खपते, आणि तो फरक आम्ही मुद्दाम तिथेच सोडला.

मित्राकडे आता एक जाड पुठ्ठा आहे. त्यावर प्रत्येक थराचा वाळलेला आणि वॉर्निश केलेला पट्टा, शेजारी बाटलीचं नाव आणि थेंबांचं प्रमाण लिहिलेलं. पुठ्ठ्याशेजारी एक जादा शिपाई, अर्धा नुसत्या बेस रंगात, अर्धा पूर्ण. पुढची भर त्याला केम्प्टच्या ब्रिगेडची घालायची आहे: २८, ३२, ७९ आणि ९५. २८वीला पिवळे कॉलर, ३२वीला पांढरे, ७९वीला गडद हिरवे. त्यांच्या कोटांना हीच बाटली चालेल, पट्ट्यांना हेच पांढरं. ३२वीची कॉलर आणि पट्टे दोन्ही पांढरे असल्याने कॉलरला आयव्हरीच्या आधीच थांबायचं आणि पट्टा एक पायरी पुढे न्यायचा, एवढं मी त्याला आधीच सांगून ठेवलंय. ९५वीचे रायफलवाले पूर्ण हिरव्या गणवेशात, काळे पट्टे लावलेले, त्यामुळे त्यांना नवा पुठ्ठा लागेल. त्यावर पँट सोडून फक्त बंदुकीचं लाकूड, माती आणि वॉर्निश हे तीन पट्टे जुन्यातून जसेच्या तसे उतरवायचे.